मत्स्यरूपा, टाकीत लक्ष घाल

हे मत्स्यरूपा, तेहतीस कोटींत भांड्यातल्या पाण्याचा अनुभव तुझ्या एकट्याच्या गाठीशी आहे, म्हणून हे गाऱ्हाणं तुझ्याकडेच. मनूच्या ओंजळीत आलास, मडक्यात राहिलास, मडकं पुरेना म्हणून तळ्यात, तळं पुरेना म्हणून गंगेत आणि शेवटी समुद्रात गेलास. पाणी अपुरं पडलं की जिवाचं काय होतं, हे तुला सांगायला नको. मनूने तुला काय खाऊ घातलं आणि त्या मडक्याला शेवाळ धरलं का, हे मात्र पुराणकारांनी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

माझ्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडकांना हिरवे केस फुटले आहेत, देवा. बोटभर लांब, पंपाच्या झोतात डुलणारे. नजर लागावी इतके देखणे. पण ते मऊ पोवळ्यांना वेढू लागले की पोवळी मिटतात, ती उघडत नाहीत. टूथब्रशने खरवडावं, नळीने ओढून घ्यावं, तर खडकाला चिकटून राहिलेल्या बारीक धाग्यांतून पुन्हा तेच रान. हा तुझा कोप नव्हे, एवढं मला कळतं. उजेड आहे, नायट्रेट आहे, फॉस्फेट आहे. तुझ्याच नियमाने ते वाढतंय.

फॉस्फेट येतं ते खाण्यातून. म्हणून पहिलं मागणं असं, की या घरात येणाऱ्या प्रत्येक दयाळू हाताला थोडं आवर. आपल्याकडे घाटावरच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालणं हे पुण्य. तिथे नदी वाहती असते, पुण्य पुढच्या गावाला जातं. इथे चिमूटभर जास्त पडलेलं खाणं कुठेच जात नाही. कुजतं, विरघळतं आणि खडकावर हिरवं होऊन उगवतं. अन्नदान नको, असं वडीलधाऱ्यांना मला सांगवत नाही. तू सांग. तुझं ऐकतील.

आणि मला खडकांइतका धीर दे. हे चुनखडीचे सच्छिद्र दगड धान्याच्या कणगीसारखे फॉस्फेट साठवून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झालं की हळूहळू सोडत राहतात. वरून चाचणीच्या नळीत आकडा शून्य! शून्य असणारच, जे सुटतं ते शेवाळ आधीच गिळून बसलेलं असतं. असा आकडा पाहून मी हुरळू नये, आणि महिनाभर काहीच बदल दिसला नाही म्हणून बाटलीतलं एखादं झटपट औषध ओतू नये, एवढी बुद्धी शाबूत ठेव.

पण देवा, शून्य मी मागत नाही. हे नीट ऐकून घे, कारण तुझ्याकडे आलेले बहुतेक लोक समूळ नाशच मागत असतील. पोवळ्याच्या पेशींत तू सूक्ष्म शैवाल राहायला ठेवलं आहेस. ते उजेडावर साखर करतं आणि तिच्यावर पोवळं जगतं. म्हणजे बाहेरचं शेवाळ ज्याला गुदमरवतं, त्याला आतलं पोसतं. दोन्ही तुझीच, दोघांनाही फॉस्फेट लागतंच. ते पार काढून घेतलं की पोवळी फिकी पडतात, आणि मोकळ्या जागी डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरतो. त्यापेक्षा हे हिरवे केस परवडले. तेव्हा लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट राहू दे, पाचेक मिलिग्रॅम नायट्रेट राहू दे. मला पुरे.

शेवाळालाही जागा देईन म्हणतो. टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत, एक कप्पा, त्यात कीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता, आणि वरचे दिवे मालवले की रात्रभर त्याच्यावर उजेड. खाऊ दे त्याला पोटभर. वाढलं की मूठभर उपटून फेकता येतं, आणि त्याच्याबरोबर फॉस्फेटही घराबाहेर जातं. स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी मुद्दाम शेवाळ वाढवून पाणी राखण्याची रीत बसवली, तिच्यामागेही हेच. भांडण्यापेक्षा वेगळी खोली दिलेली बरी, हे आमच्या एकत्र कुटुंबांना फार उशिरा सुचलं.

माझ्या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींना सांभाळ. टर्बो ढकलाढकली करते, पण खाते दणकून. ॲस्ट्रिया बिचारी वाळूवर उलटी पडली की तिला स्वतःहून सरळ होता येत नाही. रात्री पडली तर तेवढी उलटव.

आणि रागावणार नसशील तर एक विचारतो. १९८३ साली पनामाजवळ डायाडेमा जातीची काळी, लांब काट्यांची, शेवाळ चरणारी सागरी साळिंदरं मरू लागली आणि वर्षभरात साऱ्या कॅरिबियन समुद्रातली नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच जाळ्यांत ओढून संपवले होते. चरणारं कोणीच उरलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जिथे निम्म्याहून जास्त तळ जिवंत पोवळ्यांनी झाकलेला होता, तिथे नव्वदीच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. बाकी सगळं शेवाळ. मासे आम्ही नेले, तो हिशेब आमच्याकडे. साळिंदरं का नेलीस? तुझ्याजवळ तर काच नव्हती, लिटर मोजायचे नव्हते, गंगेनंतरचा अख्खा समुद्र होता. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण तिथे काही पिल्लं खडकांच्या फटींत पुन्हा धरत असतील, तर आधी त्यांच्याकडे बघ. माझी टाकी थांबेल.

फक्त आज रात्री वीज जाऊ देऊ नकोस. गेलीच, तर इन्व्हर्टरवर निदान पाणी फिरवणारा पंप चालू राहू दे. बाकीचं रविवारी बोलू, पाणी बदलताना.