गोळा कातताना

लेथवर सरळ दांडा कातणे सोपे असते. चकमध्ये धरलेला दांडा फिरतो, हत्यार त्याला समांतर सरकते. यंत्राची घडणच अशी की त्यातून गोल दांडा निघावा. गोळा मात्र त्या घडणीत बसत नाही. त्यासाठी हत्याराच्या टोकाला एकाच वेळी आत आणि बाजूला, तेही क्षणोक्षणी बदलत्या प्रमाणात, जावे लागते. मुरलेला टर्नर दोन हातांनी दोन चाके फिरवत डोळ्याच्या अंदाजाने गोळा उतरवतो आणि उरलीसुरली कसर कानशीने भरून काढतो. ज्याच्या घरी छोटा लेथ केवळ हौसेपुरता आहे, त्याच्या हाताला ती सवय नसते. म्हणून तो आधी गोळा कातण्याचे हत्यारच बनवतो.

मीही तेच केले. हवी होती पितळेची एक मूठ, जी दुकानात मिळते. तिच्यासाठी तीन रविवार खर्चून हत्यार घडवणे कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण काम करताना मनात घोळत राहिला तो प्रश्न हिशेबाचा नव्हता. आपल्या हाताला जे जमत नाही ते एखाद्या बांधून घेतलेल्या रचनेकडून करवून घेतले, तर त्यातले चांगलेपण कोणाचे? आणि ते चांगलेपण पुरेसे असते का?

मी कोइंबतूरला राहून तमिळमधून मराठीत अनुवाद करते. इथे लेथच्या दुकानाला ‘कडैसल पट्टरै’ म्हणतात. ज्या क्रियापदाने ताक घुसळायचे, त्याच क्रियापदाने लेथचे काम. गुजरातीत लेथ म्हणजे ‘संघाडो’, हिंदीत ‘खराद’. मराठीत आपण ‘कातणे’ म्हणतो: सूतही कातायचे आणि लाकूडही, कातारी हे नावही त्यातूनच आले. संस्कृतातल्या ‘कर्तन’ या शब्दाला कापणे आणि सूत काढणे असे दोन्ही अर्थ आहेत. एकात काढून टाकायचे, दुसऱ्यात जोडत न्यायचे. दोन्हींत काहीतरी एका जागी स्थिर ठेवून बाकीचे फिरवायचे असते.

हत्यार दिसायला साधे असते. क्रॉस स्लाइडवर टूल पोस्टच्या जागी एक ठोकळा. त्यात बेअरिंगवर फिरणारी उभी खुंटी. तिच्या माथ्यावर मागेपुढे सरकवता येणारे पाते. आणि फिरवायला एक दांडी. पात्याचे टोक स्पिंडलच्या मध्यरेषेच्या उंचीवर हवे आणि खुंटीचा अक्ष त्या मध्यरेषेला बरोबर छेदणारा हवा. २५ मिलिमीटर व्यासाचा गोळा हवा तर शेवटच्या कापाला टोक अक्षापासून १२.५ मिलिमीटरवर. एवढे जमले की दांडी हळूहळू फिरवायची. हाताचा वेग कमीजास्त झाला, लक्ष क्षणभर ढळले, तरी टोक आपले वर्तुळ सोडत नाही. हाताचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे, आणि त्या बदल्यात गोळा मिळाला आहे.

ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात सद्‌गुणासाठी जवळपास हेच उदाहरण घेतले आहे. वर्तुळाचा मध्य शोधणे हे कोणाचेही काम नव्हे, जाणत्याचे आहे; तसेच योग्य माणसावर, योग्य वेळी, योग्य तितकेच रागावणे अवघड आहे. त्याच्या दृष्टीने मध्य दर वेळी नव्याने शोधायचा असतो. त्याचा सज्जन माणूस म्हणजे दोन चाके फिरवणारा टर्नर: सरावाने तयार झालेला, प्रसंग पाहून वळणारा.

याउलट आपल्याकडे व्रताची परंपरा आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना आठवड्याला एक पत्र लिहीत. त्यांतले एक व्रताच्या गरजेविषयी आहे. जमेल तितके पाळीन, असे म्हणणाऱ्याचा निश्चय त्यांना कच्चा वाटे. व्रत म्हणजे आधीच रोवलेली खुंटी. मोहाच्या क्षणी आपला हात थरथरणार हे माणूस ओळखून असतो, म्हणून शांत असताना केंद्र पक्के करून ठेवतो. कोणी म्हणेल, यात सद्‌गुण कसला, यात तर नुसते यंत्र. मला तसे वाटत नाही. खुंटी आपोआप जागेवर येत नाही. चकमध्ये नीट कातलेली एक सळई धरायची, फिरत्या माथ्यावर डायल लावायची, सळईच्या पुढून आणि मागून माप घ्यायचे, दोन्ही सारखी येईपर्यंत क्रॉस स्लाइड सरकवायची. सारे कसब तिथे खर्च होते. गोळा कातताना दिसणारी सहजता ही आधी केलेल्या कष्टांची असते.

अडचण वेगळीच आहे. समजा खुंटीचा अक्ष मध्यरेषेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे, आपल्या बाजूला राहिला. मग व्यास २५ ऐवजी २६ होतो आणि दोन्ही टोकांशी किंचित खळी पडते, सफरचंदासारखी. अर्धा मिलिमीटर पलीकडे गेला तर व्यास २४ आणि आकार लिंबाचा. आणि हे सफरचंद किंवा लिंबू अगदी गुळगुळीत, चकचकीत निघते. हाताने केलेल्या कामातली चूक ओबडधोबड असते, डोळ्यांत भरते. हत्याराने केलेली चूक सुरेख असते. ती प्रत्येक गोळ्यात तितकीच उतरते, आणि तिचे सातत्यच तिच्या बाजूने साक्ष देते. तत्त्वनिष्ठ माणसाचा धोका नेमका हाच. तो कधी चळत नाही, म्हणून चुकत नसणार, असे त्याला आणि इतरांनाही वाटू लागते.

माझ्या व्यवसायात याचे उदाहरण रोज दिसते. तमिळ कादंबऱ्यांत कोंगू भागातली बोली असते, तिरुनेलवेलीची असते, चेन्नईच्या वस्त्यांतली असते. मराठीत येताना या सगळ्यांची पुष्कळदा एकच ठरीव ‘ग्रामीण’ मराठी होते. नियम एकसारखा पाळलेला असतो, वाचायला कुठे खडखडत नाही. पण गिरणीतला कामगार, मीठवाला आणि शेतमजूर बाई एकाच तोंडाने बोलू लागतात. कोणाचा तरी आवाज तिथे कातून टाकलेला असतो, आणि पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे कोणी विचारतही नाही.

मग काय, नियम सोडून द्यायचे? धातुकामातच एक तिसरी वाट आहे. पोलादी नळीचा तुकडा घ्यायचा, त्याचे तोंड सपाट घासून आतली कड धारदार करायची, आणि फिरत्या, ओबडधोबड गोळ्यावर ती हाताने टेकवून सगळ्या दिशांनी कलती करत फिरवायची. गोळ्याचा कुठूनही छेद घेतला तरी वर्तुळच मिळते. त्यामुळे खऱ्या गोळ्यावर नळीची गोल कड कुठेही ठेवली तरी चहूबाजूंनी टेकते. जिथे उंचवटा असतो तिथेच ती कापते. या कामात खुंटी नाही, आधी ठरवलेले केंद्रही नाही. मात्र नळीने व्यास ठरत नाही. माप दुसरीकडूनच आणावे लागते.

मला दोन्ही लागतात असे दिसते. हत्याराशिवाय मी गोळ्याच्या जवळपासही पोचले नसते. पण हत्याराने दिलेला गोळा खरा आहे की नाही हे हत्याराला विचारून उपयोग नाही. ते दर वेळी हो म्हणेल. त्यासाठी बाहेरची कड लागते, आणि ती आपल्याला सोयीची एकच बाजू सोडून सगळीकडून टेकवावी लागते. नियमाच्या बाबतीत ती कड म्हणजे ज्याच्यावर नियम चालतो तो माणूस. अनुवादात तो मूळ बोली बोलणारा. घरात बहुतेक वेळा सगळ्यांत कमी बोलणारा.

एवढे करूनही लेथवरचा गोळा पुरा होत नाही. ज्या मानेने तो चकमध्ये धरलेला असतो ती कापता येत नाही; कापली तर धरायला काही उरत नाही. तेवढ्या भागासाठी गोळा काढून, उलटा धरून, पुन्हा केंद्र शोधावे लागते.