खारे वारे व मतलई वारे

अनुकूल काळाची वाट पाहावी, की समोर आहे त्याच परिस्थितीत अभ्यास आरंभावा, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. समुद्राच्या साक्षीने विचार केला असता तो अधिक स्पष्ट होतो, असे आम्हांस वाटते.

पालघर तालुक्यातील सरावलीहून पश्चिमेस गेले म्हणजे नवापूर-तारापूरचा किनारा लागतो. पावसाळा सरल्यावर येथे पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, तर दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. शिडांच्या काळी कोळी व मांगेले पहिल्याच्या आधाराने बाहेर पडत आणि दुसऱ्याच्या आधाराने घरी परतत. परंतु होडीस घरी आणणारा हाच खारा वारा, फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होऊ पाहणाऱ्यास वैरी वाटतो. मतलई वारा लाटेस समोरून तोलून धरतो, म्हणून ती उशिरा व नेटकी फुटते. खारा वारा तिला पाठीमागून रेटतो. मग शिखर अकाली ढासळते आणि उभी भिंत पाहता पाहता विस्कटते.

अशा पाण्यात लांब, डौलदार फेरीची आशा व्यर्थ होय. गुडघे वाकवून तोल खाली ठेवावा, वेग सोडू नये, दहांतील नऊ लाटा जाऊ द्याव्या आणि दहावीचा जो तुकडा क्षणभर उभा राहील तेवढ्याचाच उपयोग करावा. ही निवड करण्याची दृष्टी नितळ लाटेवर सहसा येत नाही. कारण तेथे निवडीचे बरेचसे काम लाटच करून देते.

ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथम आला तो जपानमधील त्सुरिगासाकीच्या किनाऱ्यावर. २७ जुलै २०२१ रोजी अंतिम फेरी झाली, तेव्हा जवळच्या वादळाने समुद्र खवळलेला होता. ब्राझीलच्या इतालो फेरेराची फळी आरंभीच मोडली. त्याने दुसरी घेतली व सुवर्णपदक जिंकले. मासे विकणाऱ्या बापाच्या पेटीचे झाकण, हीच या खेळाडूची पहिली फळी होती!

एवढ्यावरून प्रतिकूलतेचे स्तोत्र गाण्यास मात्र आम्ही तयार नाही. संकटाची थोरवी बहुधा किनाऱ्यावर कोरडे उभे राहणारेच सांगतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांच्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै या काळात नांगरलेल्या असतात. माशांच्या विणीस अवसर मिळावा आणि खवळलेल्या दर्यात माणसे बुडू नयेत, असा या बंदीचा दुहेरी हेतू आहे. पुढे नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होतो. या थांबण्यास भित्रेपणा कोण म्हणेल?

तेव्हा वाट पाहणे दोन प्रकारचे असते. एकाच्या मुळाशी विवेक असतो, दुसऱ्याच्या मुळाशी अहंकार. विस्कटलेल्या लाटेवर आपण वेडेवाकडे दिसू, चारचौघांत पडू, या भयाने पुष्कळ जण उद्याच्या नितळ सकाळीची वाट पाहतात व त्या भयासच सावधपणा असे नाव देतात. विद्या, लेखन, संसार, लोकसेवा, सर्वत्र हेच चालते. आमच्या मते कसोटी सोपी आहे: समुद्र प्राण मागत असेल तर किनाऱ्यावर राहावे, तो केवळ प्रतिष्ठा मागत असेल, तर ती त्याला खुशाल देऊन पाण्यात उतरावे.