उत्सर्ग आणि परवाना

दिलेली वस्तू देणाऱ्याचीच राहत असेल, तर त्या देण्याला दान म्हणावे की नुसती अनुमती, हा धर्मशास्त्रातला जुना प्रश्न सॉफ्टवेअरच्या परवान्यांमुळे पुन्हा उभा राहिला आहे. संदेशवहन करणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरच्या बाबतीत तो विशेष ठसठशीतपणे दिसतो. बँकेच्या खात्यातून रक्कम वजा झाल्याचा निरोप एक प्रणाली दुसरीला धाडते, तेव्हा हे सॉफ्टवेअर तो टिपून ठेवते आणि समोरची प्रणाली बंद पडलेली असली, तर ती सुरू होऊन पोच देईपर्यंत जपते. साऱ्या व्यवहाराचा भार ज्याच्यावर आहे, असा हा निरोप्या कोणत्या अटीवर लाभला, याचा विचार म्हणूनच केवळ खरेदी विभागावर सोपवता येत नाही.

धर्मशास्त्रात दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकीचा संबंध, सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. त्यासाठी दात्याइतकाच स्वीकारणाराही आवश्यक असतो. विहीर, तळे किंवा बाग सर्वांसाठी अर्पण केली जाते, तेव्हा असा नेमका स्वीकारणारा नसतो, आणि म्हणून त्या त्यागाला उत्सर्ग असे वेगळे नाव आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात उत्सर्गाचे स्वतंत्र विवेचन केले आहे, ते या भेदामुळेच महत्त्वाचे ठरते.

परवाना या दोहोंहून निराळा आहे, कारण त्यात प्रताधिकार, म्हणजे कृतीच्या प्रती करण्याचा व त्या वाटण्याचा कायदेशीर हक्क, कर्त्याकडेच राहतो आणि घेणाऱ्याला मिळते ती वापराची मुभा. १९९३ साली एमक्यूसिरीज या नावाने बाजारात आलेल्या आयबीएम एमक्यू या संदेशवाहक मध्यस्थ सॉफ्टवेअरची मुभा बहुधा प्रोसेसरच्या गाभ्यांच्या मोजणीवर विकली जाते, आणि ती मोजणी हाच तेथे मर्यादेचा बांध असतो. याउलट लिंक्डइनमध्ये जन्मलेली आणि २०११ साली अपाची फाउंडेशनकडे आलेली काफ्का ही संदेशवाहक प्रणाली ज्या अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते, त्याने दिलेली प्रताधिकाराची मुभा कायमची, विनामूल्य आणि परत न घेता येणारी आहे. कायद्याच्या भाषेत स्वत्व सुटलेले नसले, तरी परिणाम उत्सर्गाचाच होतो. शिवाय तळ्याचे पाणी उपशाने कमी होते, तसा हा कोड कितीही जणांनी घेतला तरी उणा होत नाही.

मात्र अट घातली की उत्सर्ग भंगतो का, हा प्रश्न उरतो. काफ्कासोबत नोटीस नावाची एक लहानशी फाइल येते, आणि प्रती पुढे वाटणाऱ्याने तिच्यातील श्रेयनामे राखावीत, एवढी अपेक्षा असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली सिद्ध केलेला जीपीएल परवाना याहून कडक आहे, कारण त्याखालील कृती सुधारून वाटणाऱ्याने घेणाऱ्यालाही तीच मोकळीक द्यावी लागते. तरीही ही अट पुढच्या तहानलेल्याचा वाटा राखते, आणि म्हणून ती उत्सर्गाच्या हेतूशी सुसंगत आहे. काफ्काच्या मूळ कर्त्यांनी स्थापन केलेल्या कॉन्फ्लुएंट कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या काही घटकांसाठी नवा परवाना आणला, ज्यात सोर्स कोड खुला असला तरी त्याच्या आधारे कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा विकण्यास मनाई आहे. ही अट देणाऱ्याचा वाटा राखते. म्हणून अशा देण्याला अनुमती म्हणणेच योग्य होय.

अनुमतीत अधर्म नाही. इतरांच्या श्रमावर मोठ्या क्लाउड कंपन्यांनी नफा मिळवावा आणि मूळ कर्त्यांच्या हाती काही येऊ नये, ही तक्रार खरी आहे आणि उपजीविकेचा हक्क धर्मानेही मानलेला आहे. दोष लागतो तो अनुमतीला उत्सर्गाचे नाव देण्यात, आणि त्या कंपनीने नव्या परवान्याला मुक्त स्रोत म्हटले नाही, ही सत्यनिष्ठा नोंदवण्याजोगी आहे. त्या बदलातही काफ्काचा गाभा अपाची परवान्याखालीच राहिला, कारण तो फाउंडेशनच्या हाती सोपवला गेला होता. मागे घेण्याचे सामर्थ्य जेथे दाता स्वतःहून सोडतो तेथेच उत्सर्ग पूर्ण होतो, आणि पाणवठ्यावर तोही मग इतरांसारखाच एक पाणी भरणारा होतो.