विषारी फूल देवाला कसे चालते?

2024 च्या एप्रिलअखेरीस केरळमधली एक तरुण परिचारिका परदेशातल्या नोकरीसाठी निघाली होती. फोनवर बोलता बोलता तिने अंगणातल्या कण्हेरीचे पान चावले. पुढे कोचीच्या विमानतळावर तिची तब्येत बिघडली आणि उपचार चालू असताना ती दगावली. संशय कण्हेरीवर गेला. मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार या, मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या, दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्य आणि प्रसादातून कण्हेर, तिथली ‘अरळी’, बाद केली. त्रावणकोर मंडळाने इतर पूजाविधींत मात्र तिला मुभा ठेवली.

भाविकाला इथे अडखळायला होते. देवाच्या पायावरून आलेले फूल बाधेल कसे? आणि बाधत असेल, तर ते देवाला वाहायचे तरी कशाला?

महाराष्ट्राने हा पेच न बोलता कधीच सोडवला आहे. गणेश चतुर्थीच्या एकवीस पत्रींत कण्हेर आहे, रुई आहे, धोत्राही आहे. तिन्ही चांगल्याच विषारी! पण पत्री वाहायची असते, खायची नसते. नैवेद्याचे ताट वेगळे, पत्रीची परडी वेगळी. पावित्र्य आणि खाद्यता यांची गल्लत या विधीत नाही.

कण्हेर सदाफुली, तगर आणि चाफ्याच्या कुळातली. बहुधा एका पेरावर तीन-तीन चिवट, लांबट पाने, फांद्यांच्या टोकाला गुलाबी, पांढऱ्या किंवा लाल फुलांचे झुबके. पाणी कमी पडले तरी तग धरते आणि जनावर तोंड लावत नाही, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर तिची लागवड सोयीची. जनावराला जे कळते ते तिच्या ओलिअँड्रिनसारख्या द्रव्यांमुळे. हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप ती अडवतात. मग ठोके मंदावतात, ताल चुकतो, कधी हृदय थांबते. पान, फूल, मूळ, सगळे झाड विषारी. वाळल्यानेही विष जात नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मूळची अमेरिकेतली आणि वेगळ्या प्रजातीची. तिच्या बिया खाऊन श्रीलंकेत इतक्या लोकांनी जीव दिला की तिथल्या रुग्णालयांत त्यावरच्या उताऱ्याच्या रीतसर चाचण्या घ्याव्या लागल्या.

मग कण्हेरीचे झाड वाईट म्हणायचे का? कॉमन क्रो या काळपट फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. त्यांच्यापुरते ते अन्नच. विष हा झाडाचा स्वभाव नव्हे, खाणारा आणि झाड यांच्यातले ते नाते आहे. चरकसंहितेतला विचार याच वाटेने जातो: युक्तीने वापरले तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते, आणि औषध चुकीचे दिले तर तेच विष होते. म्हणूनच चरक करवीराला, म्हणजे कण्हेरीला, त्वचारोगांवरच्या द्रव्यांत घेतो, तर सुश्रुत तिला मुळांच्या विषांत मोजतो. आयुर्वेदात ती उपविष. गाईच्या दुधात शिजवून शोधन केल्याशिवाय औषधात घेत नाहीत.

आधुनिक औषधशास्त्राने तिच्याकडून बरीच आशा धरली, पण हाती थोडेच लागले. कर्करोगावर तिच्या अर्काची पहिल्या टप्प्याची चाचणी 18 रुग्णांवर झाली. गाठी आक्रसल्याचे दिसले नाही. 2020 मध्ये ओलिअँड्रिन हे कोरोनावरचे औषध म्हणून गाजवले गेले, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारपूरक म्हणूनही ते नाकारले. ओलिअँड्रिनसारखेच काम करणारे डिजॉक्सिन मात्र हृदयरोग्यांना आजही दिले जाते, तेही मोजूनमापून, रक्त तपासत. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ ही नव्या काळची श्रद्धा जुन्या श्रद्धेपेक्षा आंधळी आहे.

केरळच्या मंडळांनी धर्म सोडला नाही. प्रसाद माणसाच्या पोटात जातो, एवढे ओळखले. आपल्याकडे बाजारात पत्रीची तयार जुडी मिळते आणि तिच्यातले कोणते पान कशाचे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. तेव्हा यंदा जुडी सोडताना कण्हेर, रुई, धोत्रा ओळखून घ्यावे, मुलांना दाखवावे, मोदकाच्या ताटापासून लांब ठेवावे. आणि कुणी पान चावलेच, तर घरगुती उतारे करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.