भरवशाचा प्लंबर



गेल्या महिन्यात रविवारच्या सकाळच्या मिस्सानंतर एक मावशी चर्चच्या दारात माझी वाट पाहत उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, मुले परदेशात, घरी त्या एकट्याच. मला वाटले, मिस्साचा हेतू सांगायचा असेल. त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "फादर, तुमच्या माहितीत कुणी भरवशाचा प्लंबर आहे का?"

त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ दोन आठवडे ठिबकत होता. खाली बादली ठेवायची, भरली की तुळशीला आणि जास्वंदीला घालायची, असा क्रम चालू होता. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात. बहुधा आतला वॉशर झिजला असेल, अर्ध्या तासाचे काम. पण मावशी म्हणाल्या, "अनोळखी माणूस घरात घ्यायचा म्हणजे जिवाला घोर लागतो. बादली परवडली."

मी एक नंबर दिला. काम झाले. पण 'भरवशाचा' हा शब्द माझ्या मनातून जाईना. आपण जेव्हा भरवशाचा माणूस मागतो, तेव्हा नेमके काय मागतो? जो फसवणार नाही याची खात्री? तशी खात्री माणसाविषयी कुणी देऊ शकत नाही. शिवाय खात्री असेल तिथे भरवशाची गरजच उरत नाही. दोन आणि दोन चार होतात यावर कुणी भरवसा ठेवत नाही. ते आपल्याला ठाऊक असते. जिथे दिसत नाही, कळत नाही आणि तरीही पुढे पाऊल टाकावे लागते, तिथेच भरवशाचा प्रश्न येतो.

आपल्या वसईत पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. वाडीत विहीर होती, विहिरीवर रहाट होता. रहाट बिघडला तर सुतार यायचा. त्याचा बाप कोण, आजा कोण, हे सगळ्या आळीला माहीत असायचे. त्याने वाईट काम केले असते तर रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायची पंचाईत झाली असती. आता पाणी टाकीतून नळाने येते, नळ भिंतीत आणि भिंतीवर टाइल्स. आत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. आणि जो दुरुस्त करायला येतो, तोही बहुधा परगावचा असतो. ओडिशातील केंद्रपाडा जिल्हा तर प्लंबरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथल्या पट्टामुंडाई येथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. मुंबई परिसरातील कितीतरी इमारतींचे नळ या लोकांनी जोडलेले आहेत. म्हणजे भिंतीतला पाइप आपल्याला अनोळखी आणि माणूसही अनोळखी.

आता मी माझीच एक चूक सांगतो. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो, तिथे धर्मगुरू निवासाच्या वरच्या मजल्यावरील बाथरूममधून गळती लागली. खाली ऑफिसच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे रजिस्टरवर पडू लागले. एक ओडिया प्लंबर आला. वीस वर्षे इकडे राहून तो मराठी छान बोलत असे. त्याने पाहणी केली आणि सांगितले, "फादर, नहाणी ट्रॅपजवळ फोडावे लागेल. वरवर करून उपयोग नाही." त्याने सांगितलेला आकडा ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: चर्च म्हटल्यावर याने आकडा फुगवला. मी त्याला चहा पाजून वाटेला लावले आणि ओळखीच्या एका ख्रिस्ती मुलाला बोलावले. आपला मुलगा. त्याने फटींत सफेद सिमेंट भरले, वरून केमिकल मारले. पैसे निम्म्याहून कमी. मला समाधान वाटले. एवढेच नव्हे, तर दोन घरी बोलताना मी सहज म्हणून गेलो, "त्या अमक्यापासून जरा सांभाळून राहा."

पुढच्या पावसाळ्याआधीच ओल परत आली. शेवटी फोडले तेव्हा गळती निघाली ती नहाणी ट्रॅपच्या सांध्यातच. त्याने बोट ठेवले होते त्याच जागी.

दुसऱ्या मुलाने मला फसवले असे मी म्हणणार नाही. मला जे ऐकायचे होते, ते त्याने मला सांगितले. फसवले असेल तर मी स्वतःला, आणि अन्याय केला तो त्या पहिल्या माणसावर. पैशाचे नुकसान भरून निघाले. पण माझ्या एका वाक्याने त्याची दोन घरांतील कामे गेली होती.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात नेमका हाच प्रश्न विचारात घेतला आहे. दुसऱ्याविषयी शंका असेल, पुरावा नसेल, तेव्हा बरे मानावे की वाईट? त्यांचे उत्तर आहे, बरे मानावे. मग आपली फसगत होणार नाही का? होईल, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. पण वाईट माणसाला चांगले समजून वारंवार चुकणे हे चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचित चुकण्यापेक्षा बरे, असे ते म्हणतात. कारण दुसऱ्या चुकीत एका निरपराध माणसावर अन्याय होतो, पहिल्या चुकीत तसा होत नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "फादर, हे सेमिनरीत ठीक आहे. आमचे पाच हजार बुडाले तर संत थॉमस भरून देणार आहेत का?" प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही त्याच ठिकाणी सापडते. संत थॉमस दोन भेद करतात. पहिला भेद: वस्तूची पारख वेगळी आणि माणसाची पारख वेगळी. वस्तू जशी आहे तशीच जोखावी, तिथे दयामाया नको. माणसाविषयी मात्र बऱ्या बाजूला झुकावे. दुसरा भेद: खबरदारी घेताना वाईटात वाईट काय होईल ते गृहीत धरायला हरकत नाही. वैद्य मोठ्या रोगाचा विचार करून औषध देतो, तसे. पण खबरदारी म्हणजे निवाडा नव्हे. दाराला कुलूप लावणे म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणे नव्हे.

हे आपल्या घरच्या नळाला लावून पाहा. काम सुरू होण्याआधी मजुरी किती आणि सामान किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. सामानाचे दुकानाचे बिल मागावे. काढलेला जुना भाग दाखवायला सांगावे. टाइल्स बसवण्याआधी पाइपमध्ये दाबाने पाणी सोडून सांधे तपासावेत. बाथरूमचे काम असेल तर पाणी जाण्याचे तोंड बंद करून एक दिवस पाणी साठवून ठेवावे आणि खालचे छत पाहावे. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा पाहावा. तरीही तो फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. एकट्या राहणाऱ्या माणसाने त्या वेळी शेजारणीला घरी येऊन बसायला सांगावे. यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या कारागिराला तर काम पारखणारे गिऱ्हाईक आवडते. काम कडकपणे तपासावे, पण माणसावर डोळे वटारून उभे राहू नये. आपण बहुतेकदा उलटे करतो. काम तपासत नाही, कारण त्यातले कळत नाही. आणि माणसावर मात्र पहिल्या मिनिटापासून संशय घेतो.

आपल्या धर्मग्रामात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार म्हणून काम करणारे बंधूही आहेत. त्यांच्यासाठीही संत थॉमस यांनी एक गोष्ट सांगितली आहे: मालात छुपा दोष असेल आणि त्याने घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर विकणाऱ्याने तो स्वतःहून सांगितला पाहिजे. तुमच्या कामाचा बहुतेक भाग भिंतीत झाकला जातो. जे झाकले जाणार आहे, तेच खऱ्या कारागिराच्या सचोटीची कसोटी असते.

मी त्या ओडिया प्लंबरला शोधून काढले आणि माफी मागितली. मला वाटले होते, तो म्हणेल, जाऊ द्या फादर. तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण त्या दोन घरी तुम्ही फोन करा." त्याने बरोबर जागी बोट ठेवले होते, पुन्हा एकदा. कुणाचे नाव खराब केले तर नुसते पाप-निवेदन पुरत नाही, शक्य तितकी भरपाई करावी लागते, ही चर्चची शिकवण मीच इतरांना सांगत आलो आहे. मी दोन्ही घरी फोन केला. सोपे नव्हते.

मग तो हसत म्हणाला, "फादर, सगळे तुमच्याकडे भरवशाचा प्लंबर मागतात. मला कधी भरवशाचे गिऱ्हाईक सांगा ना." किती घरी काम संपल्यावर "रविवारी बघू", "मुलाचे पैसे आले की देते" असे ऐकावे लागते, ते त्याने सांगितले. त्यात ख्रिस्ती घरेही होती. मजुराचा रोज रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय पुस्तकात सांगितले आहे. सूर्य मावळण्याआधी द्यावा, कारण त्याचे मन त्याकडे लागलेले असते, असे अनुवाद सांगते. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असा इशारा संत याकोब देतो. आपण मिस्सामध्ये ही वाचने ऐकतो, आणि प्लंबरचे आठशे रुपये तीन आठवडे खिशात घेऊन फिरतो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण एका माणसाकडे सहसा पाहत नाही, तो म्हणजे उतारशाळेचा मालक. परक्या जातीचा शोमरोनी त्याला दोन दिनार देतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. थोडे आगाऊ, बाकीचे नंतर. मालकाने त्याच्यावर भरवसा ठेवला आणि जखमी माणूस वाचला. जवळचे, ओळखीचे, धर्माचे असे दोघे आधीच वाट बदलून निघून गेले होते. त्यांतला एक याजक होता, हे मी स्वतःला आठवण म्हणून सांगतो. 'आपला माणूस' म्हणजे भरवशाचा माणूस, हे समीकरण प्रभू येशूने तिथेच मोडून टाकले.

प्लंबर हा शब्द लॅटिन 'प्लुंबुम' म्हणजे शिसे या शब्दावरून आला आहे, कारण रोमन लोकांचे नळ शिशाचे असत. भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी जो ओळंबा सोडतो, त्याचे इंग्रजी नावही त्याच शब्दावरून आले. आमोस संदेष्ट्याला दर्शन झाले, त्यात प्रभू हातात ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा होता. ती भिंत परक्यांची नव्हती. ती प्रभूच्या स्वतःच्या लोकांची होती, जे उपासनेला नियमित येत आणि बाजारात मापात मारत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी अनोळखी कारागीर पाना आणि पिशवी घेऊन तुमच्या दारात उभा राहील, तेव्हा त्याचे काम जरूर ओळंब्याने तपासा. त्याला पाणी द्या, त्याचे नाव विचारा, काम पसंत पडले तर त्याच दिवशी पैसे द्या. आणि तो गेल्यावर क्षणभर विचार करा: आज रात्री तो आपल्या घरी जाऊन आपल्याविषयी काय सांगेल? भरवशाचे माणूस भेटले, असे म्हणेल का?

त्या मावशी मागच्या रविवारी पुन्हा भेटल्या. नळ ठीक आहे म्हणाल्या. प्लंबरला त्यांनी जाताना जास्वंदीची एक फांदी दिली, त्याच्या खोलीपुढे लावायला.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू