सरपणाला कोण जाणार?

सवाल साधा आहे. चूल पेटवायची तर लाकूड पाहिजे. लाकूड छावणीबाहेर आहे आणि बाहेर हत्यारबंद माणसं आहेत. मग सरपणाला कोण जाणार?

२००३ साली सुदानच्या दारफुरात लढाई पेटली. सरकारी फौज आणि सरकारनं पोसलेल्या जंजावीद टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. लाखो माणसं छावण्यांत आली. तिथं घराघरानं हिशेब केला : पुरुष गेला तर जीव घेतील, बाई गेली तर अब्रू घेतील, पण जीव राहील. म्हणून बाई गेली.

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संघटनेनं मार्च २००५ मध्ये अहवाल काढला. साडेचार महिन्यांत बलात्कार सोसलेल्या जवळजवळ ५०० जणींवर तिनं उपचार केले होते. बहुतेकींना रोजचं काम करताना गाठलं होतं. अहवाल छापला म्हणून सरकारनं संघटनेच्याच दोघा प्रमुखांना अटक केली. वा रे न्याय!

कुणी म्हणेल, बाई आपणहून गेली. इकडं आड तिकडं विहीर, त्यातलं एक घेण्याला निवड म्हणत नाहीत. हिशेब घरानं केला, पण भाव ठरवला बंदुकीनं. आणि खरं बोलायचं तर बाईच्या देहाचा भाव बंदूक यायच्या आधीच घरात कमी ठरलेला होता. आपल्याही घरात तो किती आहे, हे ज्याचं त्यानं बघावं.

उपाय झाले. आफ्रिकी युनियनचे सैनिक सरपणाच्या वाटेवर गस्त घालू लागले. मुंबईत जन्मलेले अशोक गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलेत चूल घडवली. तीन दगडांच्या चुलीपेक्षा तिला निम्म्याहून कमी लाकूड लागतं. एक खेप वाचली तरी ते मोठं काम आहे. पण मोळी विकूनच पोट भरणाऱ्या बाईची खेप चुलीनं कशी वाचणार? तिला आधी मजुरी पाहिजे, पुरतं धान्य पाहिजे.

दवाखान्याचंही तेच. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. दारातच पोलीस उभा असेल, 'कुठं गेली होतीस?' म्हणून विचारत असेल, तर ती येईल कशाला? तिथं औषधाआधी विश्वास पाहिजे.

'बाई, तू कमी जा' एवढं सांगणं म्हणजे जुलमाची जबाबदारी जुलूम सोसणारीवर टाकणं. चूल द्या, गस्त द्या, औषध द्या. पण वाट ज्यांनी नासवली त्यांना जाब विचारत नाही, तोवर हे सगळं मलमपट्टीच. वाट तिचीही आहे. तिनं वाट सोडायची नाही, अडवणाऱ्यानं सोडायची.