कॅमेरा वाघासाठी, फोटो माणसाचा

ताडोबाच्या प्रवेशद्वारावर पर्यटकाला खिशातला मोबाईल काढून द्यावा लागतो. डिसेंबर २०१८ पासूनचा हा नियम. एका जिप्सीला वाघ दिसला की फोनवरून दहा जिप्सी गोळा व्हायच्या, सेल्फीसाठी वाघाची वाट अडायची, म्हणून बंदी आली. नियम चांगलाच आहे. गंमत एवढीच की पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचा मोबाईल जिथे गेटवर अडतो, त्याच जंगलाच्या कडेला पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईचा फोटो मात्र वाघासाठी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये निघू शकतो. तो कुणी पाहिला, कुठे साठवला, किती वर्षं राहणार, हे विचारायचं कुणाला, तेही तिला ठाऊक नसतं.

कॅमेरा ट्रॅपची रचना साधी आहे. पायवाटेच्या दोन बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की ते टिपतात. वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा असतो आणि त्याच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून जोडी लागते. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं निघाली. त्यांत वाघाची ७६,६५१. गिनीज बुकात नोंद झाली. पण वाघ कोणता आणि वाटसरू कोण, हे टिपताना कॅमेरा बघत नाही. ती निवड नंतर होते, आणि सगळी मेख त्या ‘नंतर’मध्ये आहे.

चंद्रपुरातल्या चहाच्या टपरीवर हा विषय काढला तर उत्तर ठरलेलं: “आपल्याले लपवाचं काय हाय? वाघ तं दिसते ना!” या उत्तराला हसणं सोपं आहे, पण ते मुंबईत बसून. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत वाघ गावाकडे येताना दिसला की गावकऱ्यांना इशारा देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे बसले, तेव्हा खासगीपणाची चर्चा कोण करत बसणार? ज्याच्या गोठ्यामागे वाघ फिरतो त्याला कॅमेरा हवाच असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

चूक पुढे होते. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी गावातल्या बायकांशी दीर्घकाळ बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या जाचातून सुटून मोकळं बोलायची, गायची जागा म्हणजे जंगल, असं तिथल्या बायकांचं होतं. कॅमेरे लागले तशा त्या गप्प झाल्या, काहींनी वाटा बदलल्या. गाण्याच्या आवाजाने जनावर दूर राहतं. म्हणजे वन्यजीवांसाठी लावलेल्या यंत्रामुळे बाई जास्त असुरक्षित झाली. एका बाईचा शौचाला बसलेला फोटो तर कॅमेऱ्यातून निघून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. संतापलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. ‘लपवायला काही नाही’ म्हणणाऱ्याने हा फोटो आपल्या घरातल्या बाईचा असता तर, एवढाच विचार करून पाहावा.

गडचिरोलीत गेलं की वाघाच्या जागी नक्षलवादी येतो. तोही धोका खराच. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं तिथे पोलिसांना जास्त अधिकार द्या म्हणणाऱ्याला कुणी वेड्यात काढू नये.

पण याच जिल्ह्यातला दुसरा एक दाखलाही विसरण्यासारखा नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये अहेरीत नक्षलवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून काही जणांना अटक झाली आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांतल्या एकाजवळ मेमरी कार्ड सापडलं. त्यावरून धागा दिल्लीपर्यंत गेला. विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या घराची सप्टेंबरमध्ये झडती झाली, हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह जप्त झाले. साईबाबा चाकाच्या खुर्चीत, नव्वद टक्के अपंग. मे २०१४ मध्ये अटक. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने साईबाबांसह पाच जणांना जन्मठेप आणि सहाव्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्यांतल्या एका तरुण आदिवासी आरोपीचा २०२२ च्या ऑगस्टमध्ये नागपूरला कैदेत असतानाच आजारपणात शेवट झाला.

दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २०२२ ला, नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. यूएपीए या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात खटला भरण्याआधी शासनाची मंजुरी लागते आणि साईबाबांच्या बाबतीत ती आरोपनिश्चिती झाल्यावर आली होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून स्थगिती दिली आणि नंतर प्रकरण पुन्हा नागपूरकडे पाठवलं. ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष ठरवलं, आणि या वेळी बोट थेट यंत्रांवर होतं. विद्यापीठाच्या आवारात सुशिक्षित माणसांची वाण नसताना जप्तीला पंच म्हणून निरक्षर माणूस का, हा न्यायालयाला पडलेला प्रश्न. इलेक्ट्रॉनिक पुरावा कायद्याने सांगितलेल्या रीतीने सिद्धच झाला नाही. शिवाय इंटरनेटवरून एखाद्या विचारसरणीचा मजकूर उतरवून घेणं किंवा तिच्याविषयी सहानुभूती असणं एवढ्याने गुन्हा होत नाही, असंही न्यायालय म्हणालं. साईबाबा सुटले, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादला वारले. त्यांचे विचार पटोत न पटोत. चिपवर काय आहे यावर माणूस वर्षानुवर्षं आत राहतो आणि चिप कशी हाती आली हे तपासायला दहा वर्षं लागतात, हे कोणत्याही विचाराच्या माणसाला झोंबायला हवं.

नक्षलवादाचंच कारण देऊन जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. विधानसभेत उघड विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोले या एकट्या आमदाराने. संघटना बेकायदा ठरवायची, मग तिच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा विधेयकाचा रोख. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. धोका ओसरत असताना अधिकार वाढले, हा योगायोग म्हणायचा तर म्हणावा. सरकारला एकदा मिळालेला अधिकार सहसा आपणहून परत जात नाही, मग सरकार कुणाचंही असो.

कागदावर खासगीपणाचं रक्षण आहे. पुट्टस्वामी खटल्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही झाला, पण राज्याच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी ठरावीक सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाट केंद्राने स्वतःसाठी मोकळी ठेवली. मोहफुलं वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला या सगळ्यातलं किती येणार?

तिच्या अधिक जवळचा रस्ता धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावातून जातो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे देशभर गेली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. हक्क गावाचा, पुस्तिका साहेबाच्या टेबलावर. गाव अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांची पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली.

त्याच कायद्याचं पाचवं कलम जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. मग सामूहिक हक्काच्या जंगलात कॅमेरा लावताना कुठे, किती दिवस, आणि माणसांचे फोटो कुणासमोर पुसणार, हा ठराव ग्रामसभेपुढे का येऊ नये? गणना त्याने अडत नाही. उलट कॅमेरे चोरीला जाणं, फुटणं कमी होईल.

मेंढ्याच्या सभेत बहुमताने काही ठरत नाही. एकाचाही नकार असला तर विषय पुढच्या बैठकीत जातो. हा विषय तिथे मांडायचा तर वनाधिकाऱ्याला साऱ्या गावासमोर बसून चिप कुणाकडे जाते ते गोंडीत समजेल असं सांगावं लागेल. आणि एखादी म्हातारी ‘माझा फोटो आधी पुसा’ म्हणाली, तर त्या दिवशी ठराव होणार नाही.